पट्टा बसवायला दोन माणसं

लाल पान पहिल्यांदा तेलवाल्याला दिसलं. तेलवाल्याला दिसलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांना दिसते, तशी तीही दिसली.

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर एका जुन्या इमारतीच्या लिफ्टच्या डोक्यावर, म्हणजे पाळण्याच्या छपरावर, उकिडवा बसून बॅटरीच्या उजेडात दोरखंडाच्या तारा बघत होता. हा पोलिसातला इन्स्पेक्टर नव्हे, लिफ्टचा. चालू लिफ्ट बंद करणं हे त्याचं काम, आणि ते तो मनापासून करत असे. "संशय आला की बंद," हे त्याचं तत्त्व. गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचे गुडघे या तत्त्वाने झिजवले होते, पण त्याने पास केलेली लिफ्ट कधी पडली नव्हती. बंद लिफ्ट पडत नाही, असं त्याची बायको म्हणायची.

"साहेब, आपली साइट लाल झालीय," तेलवाला म्हणाला.

"लाल म्हणजे?"

"लाल म्हणजे लाल. उघडायला गेलं की सगळा पडदा लाल, आणि मधे लिहिलंय, पुढे धोका आहे, परत फिरा. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हानिकारक प्रोग्रॅम शिरतील. मी तर हात जोडून परत फिरलो."

"तुम्ही काही दाबलंत का?"

"मी कशाला दाबू? एका बाईंचं मशीन अडकत होतं, त्यांना सांगायला आलो होतो की..."

"तेल घाला."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

आपली साइट म्हणजे जुन्या, पायाने चालवायच्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवरचा मंच. तो इन्स्पेक्टरने काढला होता, तोच चालवायचा आणि नियमही त्यानेच केले होते. मंचावर मशीन दुरुस्त करणारे जितके होते त्याहून जास्त सल्ला देणारे होते, हे कुठल्याही मंचासारखंच. तेलवाल्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रश्न कसलाही असो, त्याचं उत्तर एकच असायचं, त्यावरून नाव पडलं.

संध्याकाळी घरी येऊन इन्स्पेक्टरने बूटही न काढता कॉम्प्युटर उघडला. पान लालच होतं. खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं: या साइटच्या काही पानांवर दुसऱ्या एका ठिकाणाहून चित्रं येतात, आणि ते दुसरं ठिकाण हानिकारक प्रोग्रॅम पसरवण्यासाठी ओळखलं जातं. पुढे त्या ठिकाणाचं नाव. ती फुकटात फोटो ठेवू देणारी एक साइट होती.

बायको एका लॅबमध्ये रक्त तपासायची. ती मागे येऊन उभी राहिली. "काय झालंय पेशंटला?"

"फोटो आपल्याकडे नसतात ना, बाहेर असतात. आपल्या पानावर नुसती खिडकी. खिडकीतून शेजारच्या घरातला फोटो दिसतो. आता शेजारच्या घरात चोर शिरलेत, आणि हे म्हणतात, खिडकीवालाही त्यांच्यातलाच."

"मग शेजाऱ्याकडे ठेवलेच कशाला?"

"नियम आहे. जागा वाचावी म्हणून. फोटो बाहेर ठेवायचे, इथे फक्त दुवा द्यायचा."

"कुणाचा नियम?"

"मंचाचा," इन्स्पेक्टर म्हणाला.

त्याने शोध लावला. त्या फुकट्या साइटवरून फोटो आणणारा सदस्य अख्ख्या मंचात एकच निघाला. त्याचं मंचावरचं नाव होतं 'थोरला'. तो इन्स्पेक्टरचा सख्खा भाऊ. दादा.

दादा दुसऱ्या गावी एकटा राहायचा. वहिनी गेल्यावर, आणि त्याआधी आई गेल्यावर, दोघा भावांच्या फोनवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान विषय तरी असता. फोन व्हायचा तो असा: "काय म्हणतोस?" "काही नाही. तू?" "काही नाही. बरं, ठेवतो." मग इन्स्पेक्टरने दादाला मंचावर आणलं, आणि एरवी दोन वाक्यांत आटपणारा दादा तिथे लिहायला लागला. आईचं मशीन त्याच्याकडे होतं. ते त्याने सुटं करायला घेतलं आणि दर थोड्या दिवसांनी 'आईचं मशीन' या धाग्यात, म्हणजे मंचावरच्या एका सलग चर्चेत, एकेक भाग टाकू लागला, फोटोसकट. लोक वाट बघायचे. बायका डोळे पुसल्याची चिन्हं टाकायच्या. तेलवाला तेल सुचवायचा.

इन्स्पेक्टर प्रत्येक भागाखाली "छान" लिहायचा. मंचचालकाला सगळ्यांच्याच लिखाणाखाली काहीतरी लिहावं लागतं. लिफ्टच्या वहीत जशी सही, तसंच हे.

"फोन कर भावोजींना," बायको म्हणाली. "सांग, फोटो काढून टाका म्हणावं."

"त्याला कुठे जमायचंय ते? आणि एकेक फोटो शोधत बसायला वेळ नाही. लोक खोळंबलेत. उद्या म्हणतील, भाऊ म्हणून पाठीशी घातलं."

"कोण म्हणेल?"

"लोक."

"लोक म्हणजे तो तेलवाला? अरे, रिपोर्ट वाईट आला म्हणून आम्ही पेशंटला पुरत नाही. आधी परत तपासतो."

"संशय आला की बंद," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि त्याने दादाच्या नावापुढचं 'सदस्यत्व रद्द' दाबलं. यंत्राने विचारलं, या सदस्याचं सर्व लिखाण पुसायचं का? त्याने चौकटीत खूण केली. यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की? हे परत आणता येणार नाही. यंत्रं माणसांपेक्षा जास्त वेळा विचारतात. पण इन्स्पेक्टर कायम नक्की असणारा माणूस होता.

ती फुकटी साइट दादाला कुणी सुचवली होती, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही.

मग त्याने सगळ्या सदस्यांना मेल पाठवली. तिच्यात एक वाक्य होतं: 'सदर सदस्य माझे सख्खे बंधू असले तरी नियम सर्वांना सारखेच.' ते वाक्य त्याने तीनदा वाचलं आणि त्याला ते आवडलं. उत्तरंही तशीच आली. मंचावर बॉबिनताई म्हणून एक बाई होत्या, त्यांनी लिहिलं, 'चालक असावा तर असा.' दोन दिवस इन्स्पेक्टर जरा ताठ चालत होता. त्या दिवसांत एका दवाखान्याची लिफ्टही त्याने बंद केली.

दादाकडून काही आलं नाही. मंचाकडून त्याला एक आपोआप निघणारी मेल गेली होती: 'हानिकारक मजकुरामुळे आपलं सदस्यत्व रद्द करण्यात आलं आहे.' खाली इन्स्पेक्टरचं नाव.

"कुऱ्हाडीचा दांडा," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. म्हण तिने पुरी केली नाही. गोतास काळ हे शब्द नुसतेच स्वयंपाकघरात फिरत राहिले.

आणि पान लालच राहिलं.

ब्राउझरवाल्यांकडे 'आम्ही स्वच्छता केली आहे, कृपया पुन्हा तपासा' असा अर्ज करायची सोय असते. इन्स्पेक्टरने तो केला. अर्ज करणाऱ्याच्या बाजूला बसायची त्याची ही पहिलीच वेळ. उत्तर आलं: पुन्हा तपासलं, हानिकारक दुवा अजून आहे. त्याने पुन्हा शोधलं. थोरला या नावाची एकही ओळ मंचावर नव्हती. त्याने परत अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर, जवळजवळ त्याच शब्दांत. लिफ्टमालकांना तो स्वतः असंच उत्तर द्यायचा, आणि ते लोक का चिडतात हे त्याला आता कळलं.

तेलवाल्याचा फोन रोज येऊ लागला. "साहेब, माणूस काढला, पण रोग गेला नाही म्हणायचं."

"बघतोय."

"तुमचे बंधू फुकट गेले की हो."

"बघतोय म्हटलं ना."

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने उत्तराच्या मेलच्या अगदी तळापर्यंत वाचलं. तिथे पानाचा पत्ता दिलेला होता. धागा: आईचं मशीन. लिहिणारा: इन्स्पेक्टर.

त्याला आधी वाटलं, यंत्राची चूक आहे. चूक दाखवणारं यंत्र चुकीचं वाटणं ही लिफ्टमालकांची जुनी सवय, ती त्याला इतक्या सहज लागेल असं वाटलं नव्हतं.

त्याने मागच्या दाराने, म्हणजे चालकाच्या वाटेने, तो धागा उघडला. दादाचे सगळे भाग गेलेले. उरली होती ती फक्त लोकांची उत्तरं. 'हो ना!' 'काका, वाचून गलबलून आलं.' 'तेल घातलंत का?' 'आमच्याकडेही असंच होतं.' एका बाजूने बोलणारा माणूस उठून गेल्यावर बाकीचे तसेच बोलत बसावेत, असं ते दिसत होतं. आणि त्यांच्यामधे एक लांबलचक चौकट होती. दादाचा एक अख्खा भाग, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, फोटोच्या दुव्यासकट. त्याखाली इन्स्पेक्टरचा एक शब्द. छान.

मंचाचा आणखी एक नियम होता. उत्तर देताना दुसऱ्याचं अख्खं लिखाण आपल्या उत्तरात उचलून आणू नये, जागा वाया जाते. हा नियम इन्स्पेक्टरने तांबड्या अक्षरात लावला होता. तांबड्या अक्षरांना भिऊन सगळे तो पाळायचे. न पाळणारा एकच होता, तोही एकदाच: एरवी 'छान' पानाच्या तळाच्या कोऱ्या जागेत लिहिणाऱ्या इन्स्पेक्टरने त्या एका भागाखाली घाईत 'उत्तर द्या' हे बटण दाबलं होतं. ते बटण दाबलं की चौकट आपोआप यायची, ती पुसायला खाली यावं लागायचं, आणि खाली यायचं तर वाटेत वाचावं लागायचं.

त्याने ती चौकट आता वाचली. पहिल्यांदा.

'आज चाक सुटलं,' दादाने लिहिलं होतं. 'मला वाटलं गंज असणार, पण गंज नव्हता, दोरा होता. चाकाच्या आत आसाला दोऱ्याचा गुंडा बसला होता, सगळ्या रंगांचा, एकावर एक. चिमट्याने काढता काढता सकाळ गेली. वरचा करडा दोरा आजारपणातल्या तिच्या गोधडीचा. त्याखाली निळा, तो पडद्यांचा. सगळ्यात आत खाकी आहे, तो आपल्या शाळेच्या चड्ड्यांचा असणार, तुझी चड्डी ती दर वर्षी माझी लहान करून शिवायची आणि तू रडायचास. मधे थोडा लाल आहे. लाल काय शिवलं होतं मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही. फोटो टाकतोय.'

मग फोटोच्या जागी तो दुवा, ज्यापायी हे सगळं झालं.

'चाक आता हलकं फिरतं. जुना पट्टा तुटला, नवा आणून ठेवलाय. पट्टा बसवायला दोन माणसं लागतात. एकाने ओढून धरायचा, दुसऱ्याने टाचायचा. येत्या रविवारी येतोस का? नाहीतर त्याच्या पुढच्या. मला कुठे जायचं नाही.'

छान.

त्याखाली तेलवाल्याचं उत्तर होतं: 'थोरले काका, पट्ट्याला दोन माणसं कशाला? एकट्याने आरामात बसतो. आधी तेल मात्र घाला.'

तेलवाल्याचं म्हणणं बरोबर होतं. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा एका माणसाने बसतो. मंचावरच्या नवशिक्यालाही ते माहीत होतं, इन्स्पेक्टरला माहीत होतं, आणि चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जुळवलेल्या दादाला तर ते झोपेत माहीत असणार.

खुर्चीवरून उठून तो खिडकीपाशी गेला, पुन्हा येऊन बसला. दुवा म्हणजे एक ओळ होती. कर्सर न्यायचा, ओळ पुसायची, जतन करायचं. दादाच्या प्रत्येक भागात अशी एकेक ओळ पुसली असती तर एका चहाच्या वेळेत काम संपलं असतं, आणि बाकी सगळं जागेवर राहिलं असतं. गोधडी, पडदे, चड्ड्या आणि त्याआधीच्या भागांत जे काय होतं ते. काय होतं? त्याला एकही भाग आठवेना. 'छान' मात्र सगळे आठवत होते.

बायको आत आली, त्याच्या खांद्यावरून वाकून तिने ते वाचलं. काहीतरी टोचून बोलेल म्हणून त्याने मान आत घेतली. ती फक्त म्हणाली, "फोन कर." आणि जाताना दार ओढून घेतलं.

"हॅलो."

"दादा, मी."

"बोल. सगळे बरे?"

"बरे. तू?"

"बरा."

इथे फोन ठेवायची वेळ व्हायची. दोघांनीही ठेवला नाही.

"दादा, ते मंचाचं..."

"अरे हो, बरं झालं विषय काढलास. तुला कळवायचं राहूनच गेलं. तो कॉम्प्युटर मी काढून टाकला."

"काढून टाकला म्हणजे?"

"भंगारवाल्याला दिला. तुझी ती मेल आली ना, हानिकारक म्हणून. म्हटलं, आपल्या यंत्रात काहीतरी शिरलंय, उगाच तुझ्याकडच्या लोकांना लागण. भंगारवाला म्हणत होता, काका, चांगला चालतोय, कुणाला तरी देतो. म्हटलं, नको बाबा, माझ्यासमोर फोड. दुसऱ्याच्या घरी ब्याद नको."



"फोडला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"हातोड्याने. भंगारवाल्याला कळेना, हा म्हातारा एवढा का उभा राहून बघतोय."

"आणि फोटो? मशीनचे?"

"त्यातच होते. जाऊ दे. मंचावर आहेतच की."

दुसऱ्याच्या लिफ्टमध्ये दोष कुठे, कुणाचा, कशामुळे हे लिहिण्यात इन्स्पेक्टरची हयात गेली होती. ती वाक्यं त्याला पाठ होती. 'देखभालीत हयगय.' 'चालकाने सूचना दुर्लक्षित केली.' त्यातलं एकही वाक्य त्याने वापरलं नाही.

"मंचावर नाहीत, दादा. मी पुसले. तुझं सगळं लिहिलेलंही पुसलं. आणि तुझ्या कॉम्प्युटरला काहीच झालं नव्हतं. ज्या साइटवर तू फोटो ठेवायचास ती बिघडली. ती साइट तुला मीच सांगितली होती."

"तू? हो का?" दादा जरा वेळ आठवत राहिला. "असेल."

"एकच भाग राहिलाय. दोऱ्यांचा."

"तो राहिला? बरं."

"फोटो दिसत नाही त्यातला. कसा होता?"

"तू पाहिला होतास की. खाली छान लिहिलंस." मग दादा हसला, लहान भावाची चोरी पकडल्यावर पूर्वी हसायचा तसा, आवाज न करता. ते हसू फोनवर फक्त श्वासासारखं आलं. "कळलं होतं रे मला. त्या छानवरूनच कळलं होतं. तळहातावर ठेवून काढला होता सगळा गुंडा. चांगला आला होता फोटो."

"मग पुढचे भाग का लिहिलेस?"

"लोक वाचायचे ना. तो एक तुमचा तेलवाला. फार तेल सुचवायचा, पण सगळं वाचायचा."

इन्स्पेक्टरने टेबलाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडला.

"पट्टा बसवलास?"

"बसवला. एकट्याने बसतो."

"माहीत आहे मला."

"मलाही माहीत होतं," दादा म्हणाला.

खाली रस्त्यावर कुणीतरी एक मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती घुरघुरून बंद पडत होती. शेवटी ती चालू झाली.

"या रविवारी येऊ का?"

"ये की. विचारायचं काय त्यात?" मग दादा अडखळला. "पण मशीन नाही आता इथे. कोपऱ्यावर एक शिवणक्लास आहे, त्यांचं मशीन मोडलं होतं, त्यांना देऊन टाकलं. कॉम्प्युटर गेला, लिहायचं तर नव्हतंच, म्हटलं निदान चालू तरी राहील. चालतंय चांगलं. जाता-येता आवाज येतो."

"असू दे. मी तरीही येतो."

"ये," दादा म्हणाला. "नुसतं बसायचं म्हणजे आपण करायचं काय, तेवढं मात्र बघायला लागेल."

फोन ठेवल्यावर इन्स्पेक्टरने चौकटीतली ती एक ओळ पुसली. बाकीच्या एकाही अक्षराला धक्का लावला नाही. खालचं 'छान' खोडून त्या जागी त्याने लिहिलं, 'येतो. लाल म्हणजे माझ्या दप्तराची शिवण. उसवली की आई लाल दोऱ्याने घालायची, म्हणजे पुन्हा उसवली तर लगेच दिसावं.' जतन केलं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता आणि मंचाचं सदस्यत्वही नव्हतं, हे लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

पुढच्या तपासणीत मंच पास झाला. लाल पान गेलं. बॉबिनताईंनी पुन्हा लिहिलं, चालक असावा तर असा. तेलवाला नेहमीप्रमाणे सगळं वाचत वाचत त्या जुन्या धाग्यापर्यंत पोहोचला आणि त्याने विचारलं, 'साहेब, तुम्ही "येतो" लिहिलंय, पण थोरले काका कुठे आहेत? पुढचा भाग कधी?'

इन्स्पेक्टरने प्रश्न शेवटपर्यंत वाचला. उत्तराच्या जागेत कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला. मग बायकोने बाहेरून हाक मारली, की रविवारची गाडी सकाळची पकडायची की दुपारची, आणि तो उठला.